आधी तारीख, मग सिनेमा

डिसेंबर सरत आला की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून आणि वाहिन्यांवरून पुढच्या वर्षी येऊ घातलेल्या चित्रपटांच्या याद्या येऊ लागतात. ईद कुणी धरली आहे, दिवाळीला कोण कुणासमोर उभे राहणार आहे, याची चर्चा चित्रीकरण पुरे व्हायच्या आतच रंगते. नितेश तिवारी यांच्या दोन भागांतल्या ‘रामायण’साठी दिवाळी २०२६ आणि दिवाळी २०२७ हे मुहूर्त नोव्हेंबर २०२४ मध्येच जाहीर झाले होते. रितेश देशमुख यांच्या ‘राजा शिवाजी’ला १ मे २०२६ ही महाराष्ट्र दिनाची तारीख जाहीर झाली. अशा याद्या वाचताना सहज वाटते, की चित्रपटाची अशी वाट पाहणे चित्रपटाइतकेच जुने असणार. वाट पाहणे जुने आहे यात शंका नाही. पण कुणीच न पाहिलेल्या चित्रपटाची, वर्ष-दोन वर्षे आधी ठरलेल्या दिवसासाठी, साऱ्या देशाने एकदम वाट पाहणे ही गेल्या वीस-पंचवीस वर्षांतली गोष्ट आहे. त्याआधीची सात-आठ दशके बहुतेक प्रेक्षकांची प्रतीक्षा चित्रपट कुठेतरी प्रदर्शित झाल्यानंतर सुरू होत असे. हा फरक नटांच्या लोकप्रियतेने किंवा जाहिरातीच्या कौशल्याने पडलेला नाही. चित्रपटाच्या किती प्रती निघत, त्या कुणाच्या हाती जात आणि कोणत्या वाटेने गावोगाव पोहोचत, यावर लोकांनी कशाची आणि किती वाट पाहायची ते ठरत आले आहे, असे माझे म्हणणे आहे.

सुरुवातीला तर ‘आगामी’ असे काही नव्हतेच. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे दाखवली गेली, त्याची जाहिरात त्याच दिवशीच्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’त होती. सकाळी वाचायचे आणि संध्याकाळी एक रुपया देऊन बघायचे. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ २१ एप्रिल १९१३ रोजी ग्रँट रोडच्या ऑलिम्पियात निमंत्रितांना दाखवला गेला आणि ३ मे रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये सर्वांसाठी खुला झाला. भारतीय चित्रपटाच्या या आरंभाआधीचा गाजावाजा म्हणजे मधले बारा दिवस. कॉरोनेशनमध्येही तो एकटा नव्हता. नाच, विनोदी प्रवेश, कसरती अशा कार्यक्रमांच्या सोबतीने तो दाखवला जाई. मग फाळके चित्रपट घेऊन बाहेर पडले. सुरतेत पाच-सहा तासांच्या नाटकाला सरावलेला प्रेक्षक तासाभराच्या खेळाला पैसे मोजेना, तेव्हा त्यांनी सत्तावन्न हजार छायाचित्रांचा आणि दोन मैल लांबीच्या चित्राचा खेळ अवघ्या तीन आण्यांत, अशी जाहिरात केल्याचे सांगितले जाते. त्या जाहिरातीत कथा नाही, नट नाही आणि पुढची कुठली तारीखही नाही. गावात आलेली वस्तू आत्ता बघून घ्या, एवढेच तिचे सांगणे आहे. १९१७ च्या ‘लंकादहन’ला मुंबईत सकाळी सातपासून खेळ लावावे लागले, मद्रासेत जमलेली नाणी पोलीस बंदोबस्तात बैलगाडीतून न्यावी लागली, अशा आठवणी नोंदल्या गेल्या आहेत. ही सारी गर्दी चित्रपट लागल्यावर, पाहून आलेल्यांचे ऐकून जमलेली आहे.

जाहिरातीला खरे रूप दिले ते कोल्हापूरने. बाबूराव पेंटर मुळात नाटकांचे पडदे रंगवणारे. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन सिनेमात लागला. त्यांच्या १९२४ च्या ‘कल्याण खजिना’चे भित्तिपत्रक हे आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या भारतीय चित्रपट-भित्तिपत्रकांपैकी एक मानले जाते. पण जाहिरात आली म्हणून तारीख आली, असे झाले नाही. ‘राजा हरिश्चंद्र’, ‘सैरंध्री’, १४ मार्च १९३१ चा ‘आलम आरा’, ६ फेब्रुवारी १९३२ चा ‘अयोध्येचा राजा’, १२ डिसेंबर १९३६ चा ‘संत तुकाराम’ या साऱ्या तारखा पंचांगात ताडून पाहिल्या तर पाचही शनिवार निघतात. आज शुक्रवारभोवती जे राजकारण चालते त्याचा तिथे मागमूस नाही. कारण चित्रपटाचा दिवस ठरवणारा त्याचा निर्माता नसे. तो ठरवी आधी लागलेला चित्रपट. ‘संत तुकाराम’ मुंबईच्या सेंट्रलमध्ये ५७ आठवडे चालला. त्याच्या पाठोपाठ सेंट्रल मिळवू पाहणाऱ्याने कोणती तारीख छापायची? चित्रपटगृहाच्या दर्शनी भागातल्या काचेच्या पेटीत ‘लवकरच’ एवढेच लिहिलेले असे, ते अगदी खरे होते. त्याहून जास्त कुणालाच ठाऊक नसे.

या अनिश्चिततेच्या मुळाशी कच्ची फिल्म होती. ती परदेशातून येई आणि महाग पडे. दुसऱ्या महायुद्धात ती इतकी दुर्मीळ झाली, की १९४२ मध्ये सरकारने चित्रपटाची लांबी ११,००० फुटांवर आणि ट्रेलरची ४०० फुटांवर आणली आणि पुढच्या वर्षी फिल्मचे वाटपच परवान्यावर सुरू केले. ४०० फूट म्हणजे पडद्यावर जेमतेम साडेचार मिनिटे. युद्ध संपले तरी मोजक्या प्रती काढण्याची सवय गेली नाही, कारण प्रत काढणे ही वितरकाची मोठी गुंतवणूक होती. देश ‘सर्किट’ किंवा ‘टेरिटरी’ नावाच्या तुकड्यांत वाटलेला होता आणि प्रत्येक तुकड्याचा हक्क वेगळा वितरक विकत घेई. महाराष्ट्रातल्या वाचकाने हा नकाशा नीट पाहावा. १ मे १९६० रोजी आपण एक राज्य झालो, पण चित्रपटाच्या व्यापारात झालो नाही. मुंबई, पुणे, कोल्हापूर हे गुजरातेसह मुंबई सर्किटमध्ये राहिले. विदर्भ सी. पी.-बेरारमध्ये राहिला आणि तिकडच्या व्यवहाराची सूत्रे अमरावती-भुसावळच्या वितरकांकडे राहिली. मराठवाडा निजाम सर्किटमध्ये, म्हणजे हैदराबादच्या वितरकांकडे. निजामाचे राज्य १९४८ मध्ये गेले, मध्य प्रांत-वऱ्हाडची रचना १९५६ मध्ये मोडली, पण व्यापाराने त्या मेलेल्या सीमा जिवंत ठेवल्या. त्यामुळे एकाच राज्यातली माणसे एकाच चित्रपटाची तीन वेगवेगळ्या कार्यालयांच्या मर्जीने वाट पाहत होती.

याचा सर्वांत बोलका पुरावा ‘शोले’चा आहे. १५ ऑगस्ट १९७५ रोजी तो मुंबईत आला आणि पहिले दोन आठवडे व्यापारी वर्तुळात तो पडल्याचीच भाषा होती. शेवट बदलून जयला जिवंत ठेवावे का, असा विचारही दिग्दर्शक आणि लेखकांनी करून पाहिला. सलीम-जावेद यांनी मात्र व्यापारी पत्रात जाहिरात देऊन हा चित्रपट प्रत्येक टेरिटरीत एक कोटी मिळवील असे भाकीत केले. त्यांनी हिशेब टेरिटरीच्या भाषेत मांडला, कारण धंद्याला दुसरी भाषा नव्हतीच. तिसऱ्या आठवड्यापासून पाहून आलेल्यांच्या बोलण्याने गर्दी वाढू लागली. दिल्ली, उत्तर प्रदेश, बंगाल आणि हैदराबाद या विभागांत तो लागला ११ ऑक्टोबर १९७५ रोजी, जवळजवळ दोन महिन्यांनी. म्हणजे हैदराबादच्या विभागात ज्यांनी ‘शोले’ची वाट पाहिली, त्यांनी मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात काय घडते आहे हे ऐकून वाट पाहिली. पुढे संवादांची ध्वनिमुद्रिका निघाली, ती उपाहारगृहांत आणि मंडपांत वाजू लागली. तालुक्याच्या गावी रिळांची पेटी पोहोचेपर्यंत गब्बरचे बोलणे पोरांना पाठ होते. या प्रतीक्षेत चित्रपटाबद्दल माहीत नसलेले फारसे काही उरले नव्हते, आणि तरीही ती आजच्या कुठल्याही प्रतीक्षेपेक्षा कमी उत्कट नव्हती.

मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हेच. जुन्या वाट पाहण्याला साक्षीचा आधार होता. मुंबईत गिरणीत काम करणारा माणूस सणाला कोकणात किंवा साताऱ्याकडे घरी गेला, की नवा चित्रपट कसा आहे ते सांगे. गाण्यांच्या चार पानी चोपड्या चित्रपटाच्या आधी गावात येत. ३ डिसेंबर १९५२ पासून रेडिओ सिलोनवर ‘गीतमाला’ सुरू झाली, १९६७ मध्ये मुंबई-पुणे-नागपूर केंद्रांवरून विविध भारतीची जाहिरात सेवा सुरू झाली आणि प्रायोजित कार्यक्रमांतून अमीन सयानींसारख्यांच्या आवाजात चित्रपटाचे तुकडे घरोघर पोहोचले. जत्रांमधले तंबू हा तर या साखळीचा अगदी शेवटचा दुवा. कापणी उरकली, जत्रा भरली, की मैदानात तंबू उभे राहत आणि शहरात सहा महिन्यांपूर्वी, कधी सहा वर्षांपूर्वी लागलेला चित्रपट तिथे नवा म्हणून लागे. त्या प्रेक्षकाची तारीख गावच्या देवाच्या जत्रेची होती. निर्मात्याला ती माहीतसुद्धा नसे.

यावर पहिला आक्षेप ‘मुघल-ए-आझम’चा येईल, आणि तो वजनदार आहे. के. आसिफ यांनी हा चित्रपट चाळीसच्या दशकात हाती घेतला. फाळणीच्या सुमारास पैसा पुरवणारे शिराझ अली हकीम पाकिस्तानात गेले, १९४९ मध्ये चंद्रमोहन वारले, मग शापूरजी पालनजी यांच्या पैशावर नव्या नटसंचात काम पुन्हा उभे राहिले. ५ ऑगस्ट १९६० रोजी तो आला तोपर्यंत लोक दशकभर त्याच्याबद्दल ऐकत होते. आसिफ यांनी कोल्हापूरचे चित्रकार जी. कांबळे यांना फलक रंगवायला आणले, त्यासाठी बाजारात होता नव्हता तो विलायती रंग विकत घेतला असे सांगतात. पहिल्या खेळाची निमंत्रणे शाही फर्मानासारखी होती, रिळे सजवलेल्या हत्तीवरून मराठा मंदिरात आली. आगाऊ तिकीटविक्रीला इतकी झुंबड उडाली की पोलीस बोलवावे लागले, आणि माणसे दिवसचे दिवस रांगेत राहिली. घरची माणसे त्यांना तिथेच डबा आणून देत. न पाहिलेल्या चित्रपटाची ही वाट नव्हे तर काय? होय, तीच. पण तिची किंमत काय पडली पाहा. तो देशभरात १५० चित्रपटगृहांत एकाच वेळी लावला गेला आणि त्या काळी तो विक्रम ठरला. एरवी कुणी करत नसलेली वितरणाची उडी आसिफ यांनी मारली, म्हणून एरवी न दिसणारी प्रतीक्षा दिसली. शिवाय ती राहिली अपवाद म्हणूनच. दहा वर्षांनी, डिसेंबर १९७० मध्ये राज कपूर यांचा ‘मेरा नाम जोकर’ अशीच कित्येक वर्षांची उत्सुकता घेऊन आला आणि कोसळला. आधीच्या उत्सुकतेवर धंदा उभा राहत नाही, हा धडा व्यापाराने त्यातून घेतला आणि पुढची तीस वर्षे तो पाळला.

दुसरा आक्षेप असा, की लोक प्रतींची वाट पाहत नाहीत, आवडत्या नटाची आणि गोष्टीची पाहतात. प्रतींचा हिशेब हा व्यापाऱ्यांचा. पण मग ‘जय संतोषी माँ’चे काय करायचे? ‘शोले’च्याच वर्षी, त्याच्याआधी अडीच महिने, नामांकित नटांशिवाय आलेल्या या स्वस्तातल्या चित्रपटाची कुणीही वाट पाहत नव्हते. तो लागल्यावर बायकांनी बायकांना सांगितले, आणि चित्रपटगृहाबाहेर चपला काढून आत जाण्यापर्यंत गोष्ट गेली. १९७१ मध्ये दादा कोंडके यांच्या ‘सोंगाड्या’चेही तसेच. दादरच्या ‘कोहिनूर’ चित्रपटगृहावरून जो संघर्ष झाला आणि ज्यात बाळासाहेब ठाकरे यांनी हस्तक्षेप केला, तो देव आनंद यांच्या ‘तेरे मेरे सपने’ला जागा द्यायची म्हणून. भांडण पडद्यासाठी होते, तारखेसाठी नव्हते. पडदा मिळाल्यावर पुढचे काम प्रेक्षकांनी केले, आणि मग दादांच्या पुढच्या चित्रपटाची वाट पाहिली जाऊ लागली. नटाचे आकर्षण खोटे नाही. ते पसरायला जो अवकाश लागतो तो वितरणाची पद्धत देते किंवा काढून घेते, इतकेच मला म्हणायचे आहे.

तो अवकाश ऐंशीच्या दशकात व्हिडिओने मोडायला सुरुवात केली. चोरीची कॅसेट पेटीच्या आधी गावात पोहोचू लागली, आणि सावकाश फिरणारी प्रत तोट्याची ठरू लागली. ५ ऑगस्ट १९९४ रोजी राजश्रीने ‘हम आपके हैं कौन’ मुद्दाम मोजक्या चित्रपटगृहांत, मुंबईत ‘लिबर्टी’त आणला, व्हिडिओ हक्क रोखून धरले आणि जुनी, पसरत जाणारी प्रतीक्षा पुन्हा उभी करून दाखवली. पण पुढच्यांनी उलटी वाट धरली: चोर पोहोचण्याआधी आपणच सगळीकडे पोहोचायचे. १९९७ पासून मल्टिप्लेक्स आले, १९९८ मध्ये चित्रपट व्यवसायाला उद्योगाचा दर्जा देण्याची घोषणा झाली आणि मोठ्या कंपन्यांचा पैसा येण्याची वाट मोकळी झाली, आणि या शतकाच्या पहिल्या दशकात उपग्रहावरून चित्रपट थेट पडद्यावर उतरू लागला. पन्नास-साठ हजारांची एकेक प्रत काढण्याची गरज संपली तेव्हा टंचाई संपली. आता टंचाई दुसऱ्या गोष्टीची होती, ती म्हणजे सुट्टीच्या शुक्रवारांची. २००८ च्या नाताळात ‘गजनी’ने शंभर कोटींचा टप्पा गाठला आणि नाताळ ही मालमत्ता झाली, मग ईद झाली, स्वातंत्र्यदिन झाला. २०१५ मध्ये ‘बाहुबली’चा पहिला भाग एका प्रश्नावर थांबला, आणि कटप्पाने बाहुबलीला का मारले याचे उत्तर मिळायला देश २८ एप्रिल २०१७ पर्यंत थांबला. दुसरा भाग देशात सुमारे साडेसहा हजार पडद्यांवर एका दिवशी उतरला. १५० चित्रपटगृहांचा विक्रम आठवला की अंतर कळते. मार्च २०२० मध्ये येणारा ‘सूर्यवंशी’ महामारीमुळे नोव्हेंबर २०२१ पर्यंत अडला, तेव्हा त्याच्या मागच्या कितीतरी चित्रपटांच्या तारखा हलल्या. पूर्वी एका चित्रपटगृहापुरती असलेली रांग आता साऱ्या देशाची एकच झाली होती.

इथे कुणी म्हणेल, की जुन्या पद्धतीचे गोडवे गाण्यात अर्थ नाही, ती अन्यायाची होती. हे मला पूर्ण मान्य आहे. परभणीच्या किंवा चंद्रपूरच्या प्रेक्षकाने मुंबईच्या मागे महिनोन्‌महिने राहावे, त्याच्या वाट्याला ओरखडे पडलेली, मधली रिळे कापलेली प्रत यावी, याला कसलेही समर्थन नाही. शिवाय रांगेत धक्के खाणे आणि तिप्पट पैसे देऊन काळ्या बाजारात तिकीट घेणे स्त्रियांना जवळजवळ अशक्यच होते. आज पुण्याच्या मुलीने पाहिलेला चित्रपट त्याच दिवशी लातूरची मुलगी पाहते, ही समता आहे आणि ती मिळायला फार उशीर झाला. माझी तक्रार त्या समतेबद्दल नाही. सर्वांनी एकाच दिवशी पाहायचे ठरले, तेव्हा आधी पाहून सांगणारा कुणी उरला नाही, याबद्दल आहे. येत्या वर्षाची यादी वाचणाऱ्या माणसाजवळ निर्मात्याच्या शब्दाखेरीज काही नसते. नटाचे नाव, खर्चाचा आकडा, पहिल्या झलकेची दोन मिनिटे, सारे विकणाऱ्याकडूनच आलेले. आणि कमाईचा बहुतेक भाग पहिल्या तीन दिवसांतच गोळा व्हायचा असल्याने, पाहिलेल्यांची साक्ष पसरेपर्यंत निकाल लागून गेलेला असतो.

मोठ्या चित्रपटांना याची झळ कमी बसते. बसते ती मराठीला. आपल्याकडे १९५३ चा ‘श्यामची आई’ असो की नव्या दिग्दर्शकाचा, नावाजलेल्या ताऱ्यांशिवाय केलेला २००४ चा ‘श्वास’, दोन्ही लोकांच्या सांगण्याने वाढलेले चित्रपट. आगाऊ उत्सुकतेच्या कुठल्याही मोजपट्टीत ते बसले नसते. ‘सैराट’चे उदाहरण माझ्याविरुद्ध दिले जाते: नवे चेहरे असूनही २०१६ मध्ये तो पहिल्या दिवसापासून तुडुंब भरला. पण त्याची साक्ष आधी पोहोचली होती. त्याच दिग्दर्शकाचा ‘फँड्री’ पाहिलेला प्रेक्षक होता, बर्लिनच्या महोत्सवातली बातमी होती, आणि अजय-अतुलची गाणी आठवडेच्या आठवडे वरातींत वाजत होती. ज्यांच्याजवळ अशी गाणी नाहीत त्यांचे काय होते, ते कुठल्याही सोमवारी मल्टिप्लेक्सच्या वेळापत्रकात दिसते. सकाळी साडेनऊचा एक खेळ उरलेला असतो आणि पुढच्या शुक्रवारी तोही जातो. राज्य सरकारने एप्रिल २०१५ मध्ये मल्टिप्लेक्सांना प्राइम टाइममध्ये मराठी चित्रपट लावणे बंधनकारक केले, वाद झाल्यावर प्राइम टाइम म्हणजे दुपारी १२ ते रात्री ९ असे ठरले. त्या नियमाने दिवसातला खेळ मागितला. तो आवश्यकच होता. पण चित्रपट टिकावा किती आठवडे, हे त्यात कुठेच नव्हते. ‘शोले’ला गर्दी लाभली ती तिसऱ्या आठवड्यात, आणि मिनर्व्हाने तोवर तो उतरवला नव्हता. मराठी निर्मात्यांच्या संघटनांनी यापुढे सरकारकडे आणि चित्रपटगृहांच्या मालकांकडे मागायचे असेल तर तिसरा आठवडा मागावा. तारखांच्या शर्यतीत त्यांना ईद किंवा दिवाळी मिळण्याची शक्यता फार थोडी आहे.